पाणी हाय तवर बोलतंय

तूप कढवताना आमच्या आज्जीचा डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भरवसा. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या खेड्यातली ती, दारात दोन म्हशी, आठवड्याचं लोणी साठलं की चुलीवर पितळी पातेलं चढायचं आणि मला शेजारी पाटावर बसवून ती भाकरी थापायला वळायची. "आवाज आइकत बस गे पोरी, गप्प झालं की सांग मला." आधी नुसता फेस, मग तडतड तडतड, पत्र्यावर वळवाची सर यावी तशी, मग ती सर हळूहळू विरळ व्हायची, एखादा थेंब इकडे एखादा तिकडे. मी विचारलेलं आठवतंय, आज्जी, हे बोलतंय कशाला गे? तर म्हणाली, "पाणी हाय तवर बोलतंय. पाणी सरलं की गप्प." मग एक खायचं पान टाकायची त्यात, पान चुरचुरून कडक झालं की पातेलं खाली.

हे वाक्य मी काही जपून वगैरे ठेवलं नव्हतं, विसरलेच होते पार. मागच्या वर्षी शिकवताना एका मुलीने एक प्रश्न विचारला आणि ते आपसूक वर आलं, त्याबद्दलच लिहायचंय.

माझी एसएसएलसी, म्हणजे दहावी, मराठी मीडियमची. तिथे विज्ञानात एवढंच होतं की स्निग्ध पदार्थ शरीराला ऊर्जा देतात, उदाहरणार्थ तेल, तूप, लोणी. मग पीयूला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलं आणि एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं इंग्लिश झालं, आपल्या बेळगाव भागातल्या मराठी शाळेतून गेलेल्या प्रत्येकाला हा धक्का माहिती आहे. लेक्चररनी फळ्यावर एक आकृती काढली, एक उभी रेघ आणि तिला तीन आडव्या रेघा, खाली लिहिलं वन ग्लिसरॉल, थ्री फॅटी ॲसिड्स, थ्री वॉटर मॉलिक्यूल्स रिलीज्ड. मी ते पाठ केलं. परीक्षेत आलं, लिहिलं, पैकीच्या पैकी मार्क मिळाले. आणि खरंच सांगते, त्या आकृतीचा घरातल्या तुपाशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तूप स्वयंपाकघरात होतं, ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबीच्या रेणूची ती आकृती, वहीत होतं, दोघांची कधी गाठच पडली नाही.

आता मी बेळगावच्या शहापुरात घरीच पीयूच्या मुलांना बायोलॉजी शिकवते. येळ्ळूर, उचगाव, हिंडलगा, कडोली इकडून मुलं येतात, त्यातली बरीचशी मराठी मीडियमची, पहिले चार महिने ती नुसती घाबरून बसलेली असतात. तीच आकृती मी काढली, तेच थ्री वॉटर लिहिलं, आणि मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधी तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "टीचर, खरं ते पाणी जातंय कुठं?"

मी पीयूला असताना हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

तर आधी ती आकृती नीट सांगते, कारण सगळं तिच्यातच आहे. तीन दातांचं दाताळं डोळ्यांपुढे आणा, शेतातलं. त्याचा आडवा दांडा म्हणजे ग्लिसरॉल, फक्त तीन कार्बनचा छोटासा रेणू, प्रत्येक कार्बनला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी लटकलेली. दात म्हणजे फॅटी ॲसिड, आपल्या जुन्या पुस्तकात मेदाम्ल म्हणायचे, एका टोकाला आम्लाचा गट आणि मागे कार्बनची लांबलचक शेपटी, बहुतेक वेळा सोळा किंवा अठरा कार्बनची. (सम संख्याच का? कारण शरीर ही शेपटी दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत विणतं, म्हणून.) आता दात दांड्याला बसवायचा तर दोघांनाही काहीतरी सोडावं लागतं. दांडा एक हायड्रोजन सोडतो, दात ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी सोडतो, आणि सोडलेलं दोन्ही मिळून होतं पाण्याचा एक रेणू. तीन दात, तीन रेणू पाणी. या सांध्याला एस्टर बंध म्हणतात. आणि या सांध्याचा स्वभाव असा की पाणी बाहेर गेलं की तो जुळतो आणि पाणी परत आत शिरलं की तो सुटतो, म्हणजे आपोआप लगेच नाही, त्याला ही क्रिया घडवून आणणारं एन्झाइम लागतं किंवा उष्णता किंवा आम्ल किंवा अल्कली, पण पाणी मात्र लागतंच.

त्या मुलीला उत्तर देता देता हे माझ्या तोंडून आलं, पाणी नसेल तर सांधा सुटत नाही, आणि त्याच क्षणी मला पितळी पातेलं दिसलं.

लोणी म्हणजे नुसती चरबी नाही, त्यात पाणी असतं, विकतच्या बटरमध्ये साधारण सोळा टक्के आणि घरच्या ताकावरच्या लोण्यात त्याहून जास्तच. शिवाय दुधातली प्रोटीन्स, थोडी साखर, आणि सूक्ष्मजीव, ज्यांच्याकडे चरबी तोडणारी लायपेज नावाची एन्झाइम्स असतात. म्हणजे सांधा सोडवायला जे जे लागतं ते सगळं तिथे हजर. म्हणून लोणी बाहेर ठेवलं की चार दिवसांत वास मारतं. तो वास कशाचा, तर ब्युटिरिक ॲसिडचा, चारच कार्बनचं छोटं फॅटी ॲसिड, त्याचं नावच लोण्याच्या लॅटिन नावावरून पडलंय. गाई-म्हशींच्या दुधातल्या चरबीत हे तीन-चार टक्के असतं. आणि यातली गंमत मला फार आवडते, हे ॲसिड दांड्याला बांधलेलं असतं तेव्हा त्याला तो वास नसतो, ताज्या लोण्यातही ते तेवढंच असतं की, पण बांधलेलं. सांधा सुटला, मोकळं झालं, की अख्खं फडताळ घाण करून टाकतं.

आज्जी काय करत होती? पाणी घालवत होती. सोबत ती लायपेज पण उष्णतेने निकामी करत होती. चांगल्या तुपात पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी उरतं, सांधे सुटायला काही उरतच नाही, म्हणून बरणी महिनोन्महिने फळीवर नुसती राहते, फ्रीज नाही काही नाही. आणि तो आवाजाचा भरवसासुद्धा अगदी बरोबर होता, कारण पाणी आहे तोवर पातेल्यातलं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जाऊ शकत नाही, सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. पाणी संपलं की तडतड थांबते आणि लगेच पारा चढायला लागतो, बेरी तांबूस होते, आणि तेव्हा लक्ष नसेल तर दोन मिनिटांत करपतं. त्या गप्प होण्याच्या क्षणाला हाक मारायची असते. तिने मला बरोबर त्याच जागी बसवलं होतं.

पानाचंही सांगते. तुपाला दुसरा शत्रू ऑक्सिजन, तो सांध्यापाशी जात नाही, तो शेपटीतल्या कमकुवत जागा धरतो, आणि त्यातून येतो तो खवट वास, जुन्या शेंगदाण्याला येतो तो. खायच्या पानात फिनॉल जातीची द्रव्यं असतात, ती ऑक्सिजनला आधी स्वतःवर घेतात आणि चरबीला वाचवतात. आज्जीला फिनॉल माहीत नव्हतं पण पान न टाकलेलं तूप लवकर बिघडतं हे तिच्या आईने बघितलेलं आणि तिच्याही आईने.

शेपटीतल्या कमकुवत जागा म्हटलं, तर त्याच्यासाठी थंडीतल्या बेळगावला यायला लागतं. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो, न्हाणीतल्या फळीवरची खोबरेलाची बाटली दगड होते, ती उन्हात नाहीतर बंबापाशी ठेवायची. शेजारी स्वयंपाकघरात शेंगतेलाचा डबा, त्याला काही होत नाही, तसंच पातळ. आणि आजीच्या कपाटात जांबोटीच्या रानातल्या कोकमबियांच्या तेलाचे मुठीने वळलेले गोळे, मुठेल म्हणतात काही जण, ते ऐन मे महिन्यातसुद्धा घट्ट, टाचेच्या भेगांना लावायचं तर दिव्यावर धरून ऊन करायला लागायचं. तिन्ही तेलंच. तिन्ही एकाच साच्याची, एक दांडा तीन दात. मग एवढा फरक का?

मुलांना मी उसाची मोळी सांगते, चिकोडी-संकेश्वरकडची मुलं लगेच हसतात, त्यांच्या घरचंच आहे. सरळ ऊस एकाला एक चिकटून बसतो, मोळी आवळली की हलत नाही. पण बाभळीच्या वाकड्या फांद्यांची मोळी बांधून बघा, मधे पोकळ्या राहतात, सारखी निसटते. शेपटीतल्या सगळ्या कार्बनना पुरते हायड्रोजन मिळाले असतील तर शेपटी सरळ बसू शकते, ही संतृप्त. कुठे दोन कार्बनमध्ये डबल बाँड असेल तर तिथे हायड्रोजन कमी पडतात आणि निसर्गात बहुतेक ठिकाणी तिथे शेपटीला बाक येतो, साधारण तीस अंशांचा, ही असंतृप्त. बाकदार शेपट्या एकमेकींना नीट चिकटत नाहीत, म्हणून पातळ राहतात. आकडे बघा, मला हे आकडे फार सुंदर वाटतात. अठरा कार्बनचं स्टिअरिक ॲसिड, बाक नाही, ६९ अंशांना वितळतं. तेवढ्याच अठरा कार्बनचं ओलिइक, एक बाक, १३ अंश. लिनोलिइक, दोन बाक, उणे ५. लिनोलेनिक, तीन बाक, उणे ११. कार्बन तेवढेच, लांबी तीच, फक्त वाकण्याने ऐंशी अंशांचा फरक.

शेंगतेलात बहुतेक ओलिइक आणि लिनोलिइक, म्हणून थंडीला दाद देत नाही. आपल्याकडच्या करडईच्या तेलात, कानडीत कुसबी म्हणतात ती, एकट्या लिनोलिइकचाच वाटा पाऊण भाग असू शकतो. कोकमतेलात बहुतेक रेणू एकाच ठशाचे, दोन्ही कडांना स्टिअरिक आणि मधे ओलिइक, सगळे सारखेच असल्याने शिस्तीत बसतात आणि चाळिशीच्या जवळ येईपर्यंत हलत नाहीत. खोबरेल मात्र मुलांना गोंधळात टाकतं, ते नव्वद टक्के संतृप्त, मग ते कोकमापेक्षा आधी का वितळतं? कारण त्याच्या शेपट्याच आखूड, निम्मं तेल बारा कार्बनच्या लॉरिक ॲसिडचं. बुटक्या उसाची मोळी, सरळ आहे पण धरायला लांबी कमी. चोवीस-पंचवीस अंशांना सुटते. म्हणजे वाक आणि लांबी, दोन्ही बघायला लागतं.

आणि तूप रवाळ होतं ते याच्यामुळेच. तुपात शेकडो प्रकारची फॅटी ॲसिड्स असतात, तूप सावकाश निवत गेलं की सरळ लांब शेपट्यांचे रेणू आधी एकत्र येतात, त्यांचे कण बनतात, तो रवा, आणि वाकडे आखूड रेणू वर पातळ राहतात. घाईने फ्रीजमध्ये ढकललं तर सगळे एकदम जागच्या जागी गोठतात, रवा बारीक होतो, तूप गुळगुळीत लागतं. आज्जी पातेलं रात्रभर तसंच झाकून ठेवायची, हलवू द्यायची नाही.

वाकणाऱ्या जागाच कमकुवत जागा, हे विसरू नका. ऑक्सिजन डबल बाँडच्या शेजारी हल्ला करतो. म्हणून तीन बाकांचं लिनोलेनिक ज्यात भरपूर, ते जवसाचं तेल सगळ्यात लवकर खवटतं, पण त्याचाच उपयोगही आहे, ऑक्सिजन घेत घेत ते रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि लाकडावर पातळ कडक थर बसतो. गल्लीतली पोरं नव्या बॅटला अळशीचं तेल पाजतात ते याचसाठी.

ही आकृती शोधली कुणी, हे पीयूत कुणी सांगितलं नाही आणि मला वाटतं सांगायला हवं होतं. कार्ल शील नावाचा स्वीडनमधला औषधवाला, त्याने १७७९ च्या सुमाराला ऑलिव्हचं तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवलं, तर एक गोड पाणीदार पदार्थ निघाला. तेलातून गोड! तेच ग्लिसरॉल, ग्लिसरीन. लहानपणी तोंड आलं की आई कापसाच्या बोळ्याने ग्लिसरीनचं औषध लावायची आणि आम्ही ते चाटून टाकायचो कारण गोड लागायचं, त्याचं नावही ग्रीक भाषेतल्या गोड या शब्दावरून. हे नाव ठेवलं मिशेल शेव्रल या फ्रेंच माणसाने. त्याच्याकडे १८११ च्या सुमारास डुकराच्या चरबीचा साबण तपासायला आला, त्यातून मोत्यासारखे चमकणारे स्फटिक निघाले, तिथून पुढे तो बारा वर्षं चरबीच्याच मागे लागला, एकेक ॲसिड वेगळं केलं, त्यांना नावं दिली, ब्युटिरिक, स्टिअरिक, ओलिइक, आणि १८२३ साली सगळं छापलं. चरबी ही एक वस्तू नाही, ती ॲसिड आणि ग्लिसरॉलची जोडणी आहे हे त्यानेच दाखवलं. १०२ वर्षं जगला. साबण म्हणजे तरी काय, अल्कलीने तोडलेला तोच सांधा, एका बाजूला साबण, दुसऱ्या बाजूला ग्लिसरीन.

नंतर माणसाने बाक सरळ करायला घेतले. तेलात हायड्रोजन घुसवून डबल बाँड भरायचे म्हणजे पातळ तेल घट्ट होतं, १९०२ साली जर्मनीत नॉरमन यांनी त्याचं पेटंट घेतलं आणि आपल्याकडे १९३७ मध्ये डालडा आला. लग्नकार्यात, बेकरीत, खारी बिस्किटांत तोच. पण अर्धवट भरलेल्या तेलात काही डबल बाँड तसेच राहतात, फक्त त्यांची बाजू उलटते, बाक जातो आणि शेपटी जवळजवळ सरळ होते, हे ट्रान्स फॅट. ओलिइकचा असा उलटा भाऊ १३ ऐवजी ४५ अंशांना वितळतो. शरीराला हा आकार मानवत नाही, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चांगलं कमी होतं, हृदयाला धोका. आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून तेलात आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या वर चालत नाही. आणायला इतकी वर्षं लागली याचं मला वाईट वाटतं. त्या डब्यातलं तूप आमच्यासारख्या घरांनी तूप परवडत नाही म्हणून खाल्लं.

आमचे आप्पा. दोन वर्षांपूर्वी त्यांचा रिपोर्ट आला, त्यात तो शब्द, ट्रायग्लिसराइड्स, समोर २८०, दीडशेच्या आत हवं. आप्पांनी त्याच दिवशी तूप सोडलं, आईने पोळीला लावायचंसुद्धा बंद केलं. खरं चहा चार वेळा तसाच, साखर घालून, रात्री भात तसाच, आणि पाहुणे आले की कुंदा तसाच. तीन महिन्यांनी परत २७० का किती. ते हताश झाले, "तूप सोडलो की गे मी." तेव्हा मी कागद घेऊन त्यांच्यापुढे बसले आणि तेच दाताळं काढलं.

आप्पा, तुम्ही तूप खाता तेव्हा आतड्यात पित्त त्याचे बारीक बारीक थेंब करतं आणि लायपेज पाणी घालून कडेचे दोन दात काढते, मधला राहतो. ते तुकडे आतड्याच्या भिंतीत शिरतात आणि आत गेल्या गेल्या परत जोडले जातात, परत तीन दात, आणि मग रक्तात. म्हणून तर टेस्टला उपाशी पोटी जायला लागतं, जेवल्यावर ते रक्तात असणारच. पण उपाशी पोटी जे दिसतं ते बहुतेक लिव्हरने पाठवलेलं असतं. आणि लिव्हर गरजेपेक्षा जास्तीची साखर, जास्तीचा भात, दोन-दोन कार्बनचे तुकडे करून, त्यांच्या शेपट्या विणून, तीन-तीन करून दांड्याला बसवतं. तुपाचा थेंब न खाता ट्रायग्लिसराइड तयार होतं. आप्पा बराच वेळ कागद बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे हे मी घरातच बनवायला लागलोय." चहातली साखर गेली, रात्रीचा भात अर्धा झाला, संध्याकाळी किल्ल्याच्या तळ्यापर्यंत चालायला लागले, डॉक्टरांच्या गोळ्या चालूच आहेत. आता १६० आहे. पोळीला अर्धा चमचा तूप परत सुरू झालं, डॉक्टरांना विचारूनच.

शरीर चरबीच का साठवतं हेही त्यांनी विचारलं, आणि तिथे परत पाणीच आलं. एक ग्रॅम चरबीतून नऊ कॅलरी, साखर-स्टार्चमधून चार. शिवाय स्टार्चसारखं ग्लायकोजेन साठवायचं तर दर ग्रॅममागे दोन-तीन ग्रॅम पाणी धरून ठेवायला लागतं, चरबी पाण्याला जवळच येऊ देत नाही, कोरडी राहते. तेवढीच ऊर्जा ग्लायकोजेनमध्ये ठेवायची असती तर माणसाला स्वतःचं वजन उचलून चालणं फार जड गेलं असतं. कमरेभोवतीची चरबी म्हणजे शरीराने कढवून ठेवलेलं तूपच, पाणी काढलेलं, टिकणारं.

तर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी नुसतं फळ्यावर द्यायचं नाही असं ठरवलं. पुढच्या रविवारी लोणी आणलं दोन किलो, गॅसवर स्टीलचं पातेलं, आणि सोळा मुलं स्वयंपाकघरात, दारात, खिडकीत. आधीच सांगितलं, सांधे जुळताना जे पाणी सुटलं ते म्हशीच्या शरीरातच राहिलं, आणि पातेल्यातलं पाणी हे लोण्यात अडकलेलं पाणी, दोन्ही एक समजू नका, पण सांधा तोडायला हे पाणीही चालतं म्हणून याला घालवायचं. मग गप्प बसायला सांगितलं. तडतड सुरू झाली. एवढी मुलं इतका वेळ शांत मी वर्गात कधी बघितलेली नाहीत. सर विरळ होत गेली. ती मागच्या बाकावरची मुलगी पातेल्याकडे कान करून उभी होती, डोळे मिटून, आणि थांबल्याबरोबर म्हणाली, "टीचर, सरलं." मी पान टाकलं, गॅस बंद केला.

गाळून झाल्यावर तळाची बेरी वाटीत काढली, साखर घालून सगळ्यांना चिमूट चिमूट दिली. कडोलीचा एक मुलगा म्हणाला, आमच्यात पण अशीच खातात, खरं टीचर ही चरबी नाही म्हणालात तर मग ही आहे कशाची? दुधातलं प्रोटीन आणि साखर, एकमेकांत भाजलेली, म्हटलं. मग पातेलं बाजूला ठेवून वह्या काढायला लावल्या आणि तिथेच, स्वयंपाकघरातच, प्रोटीनचा धडा सुरू केला.